कंसातली आत्ती

गेले दोन वीकएंड एका पुस्तकात गेले. खरं सांगायचं तर दीडच. उरलेला अर्धा एका सात-बाऱ्यात गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

आधी पुस्तक. नाव 'द टेन्टेड कप', लेखक रॉबर्ट जॅक्सन बेनेट. २०२४ साली आलं आणि २०२५ चं सर्वोत्कृष्ट कादंबरीचं ह्यूगो पारितोषिक त्याने पटकावलं. ऑफिसमधल्या एका मित्राने "खुनाची गोष्ट आहे, एका दमात वाचशील" असं म्हणून गळ्यात मारलं. एका दमात कसलं डोंबल! पहिल्या दहा पानांतच माझा दम गेला. इयुडेक्स, इम्यूनिस, सिग्नम, सब्लाइम, एन्ग्रेव्हर, ॲपॉथ, लेव्हायथन... एकाही शब्दाचा अर्थ दिलेला नाही, तळटीप नाही, आणि पात्रं मात्र आपण जन्मापासून तिथेच राहतो अशा थाटात बोलतात (राहतात बिचारी, पण आपण नाही ना राहत!). नवीन प्रोजेक्टवर पहिल्या दिवशी मीटिंगमध्ये बसावं, सगळ्यांनी तीन-तीन अक्षरी शॉर्टफॉर्म एकमेकांच्या अंगावर फेकावेत आणि आपण समजल्यासारखी मान हलवत राहावी, तसं झालं.

पुस्तक बंद करणार होतो. पण खून फार भारी होता.

खानुम नावाचं साम्राज्य. दर पावसाळ्यात समुद्रातून डोंगराएवढे राक्षसी प्राणी किनाऱ्याकडे येतात. त्यांना अडवायला प्रचंड भिंती बांधल्या आहेत आणि अख्खं राज्य त्या भिंती टिकवण्यासाठी राबतंय. अशा राज्याच्या एका कोपऱ्यातल्या गावात, एका बड्या जमीनदार घराण्याच्या बंगल्यात एक वरिष्ठ अधिकारी मरून पडलाय. कसा? तर त्याच्या शरीरातून झाड उगवलंय. उगवलंय ते थेट छत फोडून वर गेलंय. आता मला सांगा, असं वाचल्यावर कुणी पुस्तक बंद करेल का?

तपास करायला येतो दिनिओस कोल नावाचा नवशिका पोरगा. हा 'एन्ग्रेव्हर', म्हणजे त्याच्यावर काही प्रक्रिया करून त्याची स्मरणशक्ती अशी केलीय की पाहिलेलं-ऐकलेलं काहीच विसरत नाही. त्याच्याकडे वेगवेगळ्या वासांच्या छोट्या कुप्या असतात. एखादी गोष्ट बघताना तो एक वास घेतो. नंतर तोच वास घेतला की ते सगळं जसंच्या तसं आठवतं. त्याची साहेबीण ॲना डोलाब्रा. ही बाई घराबाहेर पडायचं टाळते आणि डोळ्यांवर पट्टी बांधून बसते, कारण जग तिला झेपत नाही, फार जास्त दिसतं. दिनने जाऊन बघायचं, येऊन घडाघडा म्हणून दाखवायचं आणि बाईंनी बसल्या जागी कोडं सोडवायचं. गंमत म्हणजे या एवढ्या स्मरणशक्तीच्या पोराला अक्षरं नीट वाचता येत नाहीत. कागद समोर आला की त्याची तारांबळ उडते, आणि ते तो लपवतो. खुनी कोण ते मी सांगणार नाही, शिव्या खायची हौस नाही.

साधारण पन्नासाव्या पानाच्या आसपास एक चमत्कार झाला. शब्द कळायला लागले. कुणी समजावून सांगितले नव्हते, पण लागले. आणि मग आठवलं की हे आपण आधीही केलंय. १९९४ च्या सुमारास दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागायची. देवकीनंदन खत्रींची मूळ हिंदी कादंबरी १८८८ ची. ऐयार, तिलिस्म, आणि बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणणारा लखलखा. कागलच्या आमच्या गल्लीत यातला एक शब्द कुणाला माहीत नव्हता, पण रविवारी दुपारपर्यंत निम्मी पोरं ऐयार झालेली असायची. कुणी डिक्शनरी काढून बसलं नव्हतं.

आणि गुऱ्हाळावर तरी दुसरं काय होतं? काहील, चुलवाण, चिपाड, मळी, ढेप. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना रूम पार्टनरला एकदा गुळ कसा करतात ते सांगायला बसलो, तर दर दोन वाक्यांनी तो "म्हणजे?" म्हणायचा. शेवटी मीच कंटाळलो. आमच्या कागलचे आनंद यादव. त्यांची 'झोंबी' १९८७ ची, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. तीही त्याने माझ्याकडून नेली आणि चाळीस पानांवर परत केली. "भाषा जड आहे रे." मला हसू आलं होतं. जड? अरे, आमच्या घरात असंच बोलतात! म्हणजे कुठला शब्द जड आणि कुठला हलका हे शब्दावर नसतंच, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर असतं.

पण रहस्यकथेत यात एक मोठी मेख आहे. शेरलॉक होम्सच्या 'सिल्व्हर ब्लेझ' (१८९२) मध्ये रात्री कुत्रा भुंकला नाही, हाच पुरावा असतो. तो आपल्याला कळतो, कारण अनोळखी माणसावर कुत्रा भुंकतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. विचित्र काय ते ओळखायला आधी नेहमीचं काय ते माहीत लागतं. आता ज्या जगात सगळंच विचित्र आहे तिथे वाचकाने काय पकडायचं? जॉन कॅम्पबेल या नामांकित संपादकाचं म्हणणं होतं की विज्ञानकथा आणि रहस्यकथा एकत्र नांदूच शकत नाहीत, कारण डिटेक्टिव्ह आयत्या वेळी खिशातून एखादं न ऐकलेलं यंत्र काढून मोकळा होईल. ते खोडून काढायला आयझॅक असिमोव्हने 'द केव्ह्ज ऑफ स्टील' लिहिली, ती १९५४ मध्ये पुस्तकरूपात आली. जगाचे नियम आधी सांगा, मग त्या नियमांतच खून सोडवा. बेनेटही तेच करतो. पण करता करता तो एक लबाडी करतो. इतक्या नव्या शब्दांत एक महत्त्वाचा शब्द तो अगदी सहज टाकून देतो, आणि आपण "असेल त्यांच्यातलं काहीतरी" म्हणून पुढे जातो. दोनशे पानांनी लक्षात येतं, पुरावा डोळ्यांसमोरच होता. कपाटात लपवला नव्हता, तर परक्या शब्दांच्या गर्दीत उभा केला होता.

हे वाक्य मी शुक्रवारी रात्रीच्या बसमध्ये मनात घोळवत होतो. शनिवारी सकाळी कागलला उतरलो.

जायचं कारण घरगुती होतं. पुण्यातला वन बीएचके विकून टू बीएचके घ्यायचा चाललंय. ईएमआय बसवून बसवून पाहिला, मेळ बसेना. तर आण्णा (म्हणजे वडील) फोनवर म्हणाले, "वीस गुंठं काढू की. गिऱ्हाईक हाय." पंचतारांकित एमआयडीसी झाल्यापासून आमच्याकडे जमिनीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, तेच दारात येतं. मला कागदपत्रं स्कॅन करून वकिलाला पाठवायची होती, एवढंच काम.

आण्णांनी लोखंडी कपाटातून फाईल काढून दिली. आण्णा स्वतः रहस्यकथांचे दर्दी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या निम्म्या तरी आपण वाचनालयातून आणून वाचल्या असा त्यांचा दावा आहे. झुंजार आणि काळापहाड यांच्याबद्दल अजूनही तासभर बोलू शकतात. मी त्यांना झाड उगवलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. "असलं काय बी लिवत्यात," म्हणाले, पण पुढं काय झालं ते दोनदा विचारलं.

मग मी सात-बारा उघडला. तुम्ही कधी नीट वाचलाय? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दोन फॉर्म एका कागदावर, म्हणून सात-बारा. हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पीक कुठलं. भोगवटादार वर्ग १. आकार. इतर हक्क. पोटखराबा (म्हणजे शेतातला लागवडीला न येणारा तुकडा, पण लहानपणी मला वाटायचं कुणाचं तरी पोट बिघडलंय). ए.कु.मॅ. म्हणजे 'एकत्र कुटुंब मॅनेजर'. मॅनेजर ही जमात आयटीच्या आधीपासून अस्तित्वात आहे हे कळून दुःख झालं. अ.पा.क. म्हणजे 'अज्ञान पालनकर्ता'. खानुम साम्राज्य परवडलं!

एक मात्र नक्की, हा कागद मी पहिल्यांदा बघत नव्हतो. एज्युकेशन लोनच्या वेळी पाहिला होता. आण्णांच्या आणि काकांच्या वाटण्या झाल्या तेव्हा पाहिला होता. प्रत्येक वेळी क्षेत्र बघायचं, आण्णांचं नाव बघायचं, झेरॉक्स काढायची. या वेळी डोक्यात ते पुस्तक असल्यामुळे असेल, जुना हाताने लिहिलेला उतारा मी ओळ न ओळ वाचला. आज्जा २००६ साली वारले. त्यानंतर वारस म्हणून तीन नावं लागलेली. आण्णा, काका आणि आत्ती. आणि आत्तीच्या नावाला कंस.

शेजारी एक फेरफार क्रमांक. बाकी काही नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर ओळ डिलीट केली नव्हती, कॉमेंट केली होती. आहे तिथेच, वाचताही येते, फक्त चालत नाही.

"आण्णा, आत्तीच्या नावाला कंस कशाला?"

"हक्कसोड केलंय न्हवं तिनं."

"कधी?"

"झाली की धा-पंधरा वर्सं. समद्याच लेकी करत्यात. पद्धतच हाय ती."

आवाजात काही नव्हतं. अपराधी नाही, चिडकं नाही. 'गुळाला भेंडीचं पाणी घालत्यात' हे ज्या आवाजात सांगतील त्याच आवाजात सांगितलं. त्यांच्या जगात ते नेहमीचंच होतं. कुत्रा भुंकला नाही, कारण घरातलाच माणूस होता.

फाईलमध्येच हक्कसोडपत्राची प्रत होती. जून २००७. बिनमोबदला. राजीखुशीने. खाली आत्तीचा फोटो, अंगठा, आणि मोठ्या अक्षरात, प्रत्येक अक्षर सुटं काढून केलेली सही. आत्ती चौथी शिकली आहे.

रात्री झोप येईना म्हणून लॅपटॉप काढला आणि कायदा वाचत बसलो. थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असाच एक कंस असणार. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात मुलाच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून हक्क मात्र फक्त मुलांना होता. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलींनाही दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. आत्तीचं लग्न त्याआधीचं. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरच्या कायद्यात बदल झाला आणि लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुली बरोबरीच्या झाल्या. वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत का, यावर बरीच वर्षं वाद चालला. त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात लावला : नसले तरी चालेल. आमच्या आज्जाच्या बाबतीत तर तो प्रश्नही नव्हता.

म्हणजे जून २००७ मध्ये आत्ती एक तृतीयांशाची मालकीण होती. चार एकर म्हणजे १६० गुंठे. तिचे ५३. ते तिने राजीखुशीने सोडले, नोंदणी झाली, फेरफार झाला. कागद अगदी स्वच्छ. वकील म्हणेल, खून झालेलाच नाही.

मग दुसरा हिशोब केला, जो करायला नको होता. आज आण्णांकडे ८० गुंठे आहेत. त्यातले जवळजवळ २७ आत्तीच्या हिश्शाचे. आणि माझ्या टू बीएचकेसाठी विकायचे आहेत २०.

रविवारी सकाळी मोटरसायकल काढली आणि मुरगूडला आत्तीकडे गेलो. पाऊस लागलेलाच होता. "आलास व्हय रं! फोन तरी करायचा," म्हणत तिने चुलीवर तेल ठेवलं. आत्तीकडे पावसात गेलं की भजी ठरलेली. मी ओट्याजवळ पाटावर बसलो. कसं विचारावं कळेना, म्हणून सरळच विचारलं, "आत्ती, ती हक्कसोडपत्राची सही केलीस तो दिवस आठवतो का गं तुला?"

आत्तीने झारा थांबवला नाही.

"न आठवाय काय झालं. बेस्तरवार हुता. मिरगाचा पाऊस. सकाळच्या यष्टीनं आले. तुझ्या आण्णानं हिरवं लुगडं आणलं हुतं, काठाला जर. तुझ्या काकीनं पुरणपोळी केलती, पर खायाला येळ न्हाई म्हणून नुसता च्या पिऊन निघालो. हापिसात गर्दी. समद्यांच्या छत्र्या दाराम्होरं, त्यात माझी गेली. त्या पोरानं मशिनीवर अंगठा घेतला, बरोबर उठंना, तीनदा घेतला. म्हणाला, मावशी, हात घासून घासून रेघा गेल्यात तुमच्या. मग फोटो. पदर डोईवर घेऊ का विचारलं तर नगं म्हणाला. बाहीर आलो. गैबी चौकात काकानं भजी घेतली. कागदात बांधून. गरम हुती. तवापास्नं भजी तळाय लागले की त्यो दिस म्होरं येतोय बघ."

मी गप्प. अठरा वर्षांपूर्वीचा दिवस, वार, लुगड्याचा काठ, छत्री, अंगठा तीनदा. वासासकट. कागद वाचता न येणारं, आणि पाहिलेलं काहीही न विसरणारं माणूस मी गेले दोन आठवडे पुस्तकात वाचत होतो आणि ते मला मोठं नवलाचं वाटत होतं.

"कशावर सही करत्येस ते सांगितलं होतं का कुणी?"

"सांगितलं की. सात-बारा मोकळा पायजे म्हणाले, बिगर त्येच्या कर्ज मिळंना."

"कसलं कर्ज?"

आत्तीने आता माझ्याकडे बघितलं. "तुझ्या कॉलेजचं. आनी कसलं?"

अर्नाळकर असोत नाहीतर बेनेट, शेवटच्या प्रकरणात डिटेक्टिव्ह सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि कुणाला काय फायदा झाला ते सांगतो. इथे खोलीत दोघंच होतो. एक जण भजी तळत होतं. खुनाचा हेतू पाटावर बसून भजी खात होता.

"तुला नको होतं का ते?" मी कसंबसं विचारलं.

"जमीन घिऊन मी काय करनार रं? वाचून दावलं असतं तरी सही केलीच असती. भाऊ हाईत माझं." तिने घाणा काढला. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "पर वाचून तरी दावायचं. तितकं लोक हुतं, मी आपली येड्यावानी हितं अंगठा, हितं सही. घरला आल्यावर ह्यांनी इचारलं काय सोडलंस, किती सोडलंस, तर मला सांगता येईना."

म्हणाल तर एवढंच. तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. जाताना डब्यात भजी बांधून दिली, आण्णांना.

मला स्वतःला फार थोर दाखवायचं नाहीये. परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात काय चाललं होतं तर, "ती स्वतःच म्हणाली ना की केलीच असती." हे वाक्य किती सोयीचं आहे ते मला मुरगूडपासून कागलपर्यंत पुरलं. घराच्या अलीकडे लक्षात आलं की तिला तसं म्हणायची मुभा आहे, मला नाही.

आण्णांना सांगितलं, वीस गुंठे काढायचे नाहीत. आणि काढायचे असतील तर पैसे आधी आत्तीचे. आण्णा म्हणाले, "तिनं मागितलंय व्हय?" मी म्हटलं, नाही. "मग?" मग काय ते मला सांगता येईना. बराच वेळ टीव्ही बघत बसलो दोघंही. बातम्या संपल्या, जाहिराती संपल्या. काकांचं काय, ते काय म्हणतील, वकील काय म्हणेल, यातलं काहीच बोलणं झालं नाही. भजी मात्र आण्णांनी खाल्ली नाहीत. डबा तसाच ठेवला.

रात्री बसला सोडायला आले. गाडी लागल्यावर पिशवीतून फाईल काढून माझ्या हातात दिली. "ह्येचा एक सेट झेरॉक्स काढ. तिला निऊन दे." मी पायरीवर चढलो तेव्हा खालून म्हणाले, "आनी वाचून दाव."

असो. टू बीएचके तूर्तास बारगळला आहे. बायकोला सगळं सांगितलं, ती दोन दिवस गप्प होती आणि मग तिने विचारलं, "माझ्या माहेरच्या सात-बाऱ्यावर माझं नाव आहे का रे?" आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. तिने फोन लावला आहे. तुम्हीही एकदा बघा.

पुस्तक जरूर वाचा. पहिली पन्नास पानं सोसा, पुढे शब्द आपसूक लागतात. दुसरा भागही २०२५ मध्ये आलाय, 'अ ड्रॉप ऑफ करप्शन', तो अजून उघडला नाही. कारण येत्या शनिवारी मुरगूडला जायचंय. सध्या संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर फाईल घेऊन बसतो आणि एकेका शब्दापुढे आमच्या बोलीत अर्थ लिहितो. बिनमोबदला, फेरफार, भोगवटादार. पोटखराबा कसा सांगायचा ते ठरत नव्हतं, पण तो बहुतेक तिलाच माझ्याहून जास्त ठाऊक असेल. त्या बांधाजवळच्या खडकाळ तुकड्यात लहानपणी शेरडं तीच चारायची.